आपलीच गेली की सगळ्यांची?

बायकोला हॉटेलात न्यायचं नाही, घरीच स्वतःच्या हाताने रांधून वाढायचं, एवढा एकच निर्णय मी घेतला होता. तो घेतला नसता तर बदलापूरच्या खरवईतली आमची अख्खी बिल्डिंग त्या संध्याकाळी अंधारात बसली नसती.

कारण गंभीर होतं. राजसीला, म्हणजे माझ्या बायकोला, ऑफिसने बढती देऊ केली होती. पण नागपूरला, दोन वर्षांसाठी. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं. मुलगी सई आधीच होस्टेलला गेलेली, म्हणजे घरात उरणार मी आणि फ्रीज. राजसीने मला एकदाच विचारलं, "तुला काय वाटतं?" आणि मी, अंबरनाथच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल सांभाळणारा माणूस, म्हणालो, "दोन्ही बाजूंचा विचार करायला हवा." (खराब माल परत पाठवतानाही मी हेच म्हणतो.) ती "बरं" म्हणून पाणी भरायला गेली.

ती गेली तर घर मला खायला उठेल, हे सांगायचं होतं. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असलं वाक्य तोंडातून निघत नाही, आधीच्या वर्षांत कधी काढलेलं नसेल तर मुळीच नाही. मेणबत्तीच्या उजेडात माणूस धीट होतो, असं कुठेतरी वाचलं होतं. म्हणून गुरुवारी रजा टाकली आणि कँडललाइट डिनर ठरवलं.

मेणबत्त्या आणायला मुद्दाम उल्हासनगरला, कॅम्प दोनच्या बाजारात गेलो. बदलापुरात कोणी पाहिलं असतं तर पंचाईत. दुकानदार सिंधी, चौकस माणूस.

"कौनसी दूँ साईं? बर्थडेवाली, पूजावाली, कि लाईट जानेवाली?"

माझ्या मागे दोन बायका उभ्या होत्या. 'रोमँटिकवाली' हा शब्द घशातच राहिला. म्हटलं, "लाईट जानेवाली."

"बदलापूर से हो ना?" त्याने सहानुभूतीने विचारलं आणि मनगटाएवढ्या जाड, पांढऱ्या मेणबत्त्यांचा गठ्ठाच बांधून दिला.

मग दुपारभर मोबाइलवर बघून पनीर, जिरा राईस आणि शेवयांची खीर केली. (व्हिडिओतली बाई 'चवीनुसार मीठ' म्हणते. चव कोणाची, ते सांगत नाही.) बेत दोघांचा, पण अंदाज चुकल्यामुळे पनीर मोठ्या पातेल्यात गेलं. संध्याकाळी टेबल मांडलं, घरातले सगळे दिवे बंद केले आणि मेणबत्त्या लावल्या. खोली खरंच सुंदर दिसत होती. मी एकदा सरावही केला. "राजसी, तू जाऊ नकोस." ठीक जमलं.

आता आमच्या बिल्डिंगची एक रीत आहे. लाईट गेली की माणूस आधी गॅलरीत येतो आणि बघतो, आपलीच गेली की सगळ्यांची? सगळ्यांची गेली असेल तर तो निवांत होतो. एकट्याची गेली असेल तर बाकीचे अस्वस्थ होतात. त्यांना मदत करायची असते.

बेल वाजली. दारात समोरचे विष्णुपंत. कारखान्यातून इलेक्ट्रिक फोरमन म्हणून रिटायर झालेले, आणि तेव्हापासून बिघाडाच्या शोधात असलेले.

"उन्मेषराव, तुमची एकट्याचीच गेली?"

खरं सांगावं, तर त्यांच्यामार्फत ते बिल्डिंगभर झालं असतं. मी म्हणालो, "हो ना. अचानक गेली."

"मग बेल कशी वाजली?"

"ती बॅटरीवरची आहे."

त्यांनी कान टवकारले. "फ्रीज चालू आहे की."

"हो, तो... चालू आहे."

"म्हणजे नुसती लाईटची लाईन गेलीय. थांबा, टेस्टर आणतो."

ते वळताच मी धावलो आणि मेन स्विच खाली पाडला. खोटं बोललंच आहे तर ते निदान व्यवस्थित असावं.

विष्णुपंत परत आले, कानोसा घेतला आणि गंभीर झाले. "आता फ्रीजही गेला. पसरतंय हे." मी मेन स्विचच्या पुढे पाठ लावून उभा. ते म्हणाले, "हे खालचं काम आहे. मीटरच्या खोलीत बघायला हवं." मी नको नको म्हणेपर्यंत ते दोन मजले उतरलेसुद्धा.

थोड्या वेळाने खालून 'फट्' असा आवाज आला आणि पूर्ण बिल्डिंगची लाईट गेली.

सगळे गॅलरीत आले. आजूबाजूच्या बिल्डिंगी झगमगत होत्या. आमच्या काळोखात एकच घर उजळलेलं, आणि त्यात मेणबत्त्यांची रांग. पहिले आले सोसायटीचे चेअरमन दौलतराव. "तयारीचा माणूस," असं म्हणून त्यांनी एक मेणबत्ती उचलली आणि दुसऱ्या हाताने खुर्ची ओढली. मागोमाग वरच्या मजल्यावरच्या वृंदावहिनी आणि चामटोली गावाहून आलेल्या त्यांच्या सासूबाई, बनूबाई. मग बाकीचे. मे महिना होता आणि वारा आमच्याच खोलीत येत होता.

"वास कसला येतोय हो?" दौलतरावांनी विचारलं.

दारात आलेल्या माणसाला जेवायला न विचारता पाठवण्याची आमच्यात पद्धत नाही. मी विचारलं. त्यांच्यात नाही म्हणण्याची पद्धत नव्हती.

राजसी मोबाइलच्या टॉर्चवर जिने चढून आली, तेव्हा तिच्या खुर्चीवर बनूबाई पनीर चाखत होत्या.

"पोरी, तुज्या नवऱ्यानं येवढं रांधलंन, पन मीठ नाय टाकलंन."

राजसीने माझ्याकडे पाहिलं, मेणबत्त्यांकडे पाहिलं, मग पर्स ठेवून मिठाची बरणी आणली आणि सगळ्यांना वाढू लागली. उद्या शुक्रवार. अखेर ती ताट घेऊन माझ्या शेजारी टेकली. म्हटलं, लोक गेले खड्ड्यात, आत्ता नाही तर कधीच नाही. मी डोळे मिटले (धीर एकवटायला) आणि हळू पण स्पष्ट म्हणालो, "तू जाऊ नकोस. तुझ्याशिवाय मला करमणार नाही."

शेजारून भरल्या गळ्याने उत्तर आलं, "नाही जात रे बाबा. फ्यूज बसेपर्यंत इथेच आहे मी."

डोळे उघडले. राजसी खीर आणायला उठली होती आणि खालून परतलेले विष्णुपंत तिच्या जागी बसले होते. त्यांना आयुष्यात इतक्या प्रेमाने कोणी थांबवलं नसावं. त्यांनी माझा हात हातात घेतला. राजसी स्वयंपाकघराच्या दारात खिरीचं पातेलं घेऊन उभी होती.

पुढे वायरमन आला, फ्यूज बसला आणि बिल्डिंग उजळली. आमचं घर सोडून. मग सगळ्यांच्या देखत मला बाजूला सारून विष्णुपंतांनी मेन स्विच वर केला. ट्यूब लागली, फ्रीज गुरगुरला, आणि मी बॅटरीवरची म्हणून सांगितलेली बेलही त्यांनी जाता जाता एकदा दाबून पाहिली. त्यांनी काही विचारलं नाही. पण निघताना नमस्कार वृंदावहिनींसकट सगळ्यांना केला, मला केला नाही.

दार लागल्यावर राजसी म्हणाली, "ते विष्णुपंतांना जे म्हणालास, ते मला होतं का?"

"हो."

"मी नागपूरला नाहीच जाणार. सोमवारीच कळवून टाकलं."

मला इतका आनंद झाला की रडू आलं. "माझ्यासाठी?"

"आपल्या दोघांसाठी. माझाच पाय निघेना."

"मग चार दिवस बोलली का नाहीस?"

"सोमवारपासून तू न सांगता सकाळचा चहा करतोयस, केर काढतोयस, भांडी घासतोयस. म्हटलं, शुक्रवारपर्यंत चालू दे," ती म्हणाली. आणि अख्ख्या बिल्डिंगच्या ताटांनी भरलेल्या सिंककडे बोट दाखवून झोपायला गेली, कारण शुक्रवार अजून उजाडायचा होता.