सासऱ्यांची दुर्बीण

एप्रिलपासून सासूबाई कासियानशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. जेवताना मीठ हवं असलं तरी त्या मुलीला सांगत, "बुर्गी, तुझ्या नवऱ्याला म्हणावं, मीठ सरकव." आणि तो नवरा त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलेला असे.

गुन्हा कासियानचाच होता. गेल्या हंगामात त्याने शॅमॉय, म्हणजे कड्यावरची रानबकरी, मारली ती भलतीच. मारायची ती म्हातारी, मागे पिल्लू नसलेली. याने लोळवली ऐन तारुण्यातली. वसंतात गावच्या खानावळीत सगळ्यांनी मिळवलेली शिंगं भिंतीवर मांडतात आणि चुकीच्या शिंगांखाली लाल टिकली लावतात. अख्ख्या गावासमोर लाल टिकली लागल्यावर कासियानची जीभ घसरली.

"माझी काय चूक? सासऱ्यांच्या दुर्बिणीतून काही म्हणजे काही दिसत नाही!"

सासरे देवाघरी गेलेले. जन्मभर त्याच दुर्बिणीतून बघून त्यांनी शिकार केली आणि एकदाही लाल टिकली लावून घेतली नाही. सासूबाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी बिअरचा ग्लास खाली ठेवला आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

वर शिकारप्रमुख एगिडने दम भरला, "यंदा एक म्हातारी बकरी मारायला देतो तुला. पुन्हा लाल टिकली लागली ना, तर बंदूक घरी ठेवायची आणि जनावरांना चाटायला मिठाचे खडे डोंगरावर वाहायचे. हमाली, बाकी काही नाही!"

झालं, कासियानने नवी दुर्बीण घ्यायचं मनावर घेतलं. उन्हाळाभर घरात दुसरा विषय नाही.

"शिंगावर दर वर्षाला एक वळं असतं, बुर्गी. वीसपट घेतली तर वळी मोजता येत नाहीत. साठपट घेतली तर येतात, पण श्वास घेतला तरी चित्र थरथरतं."

"मग श्वास घेऊ नकोस."

"तिपाई लागेल. हलकी घेतली तर वाऱ्याने ती हलते, जड घेतली तर मला हलता येत नाही."

"कासियान, लाकडं फोडायची राहिलीत."

शेवटी साठपटच आली, सोबत लोखंडी खांबासारखी तिपाई. बाल्कनीत मांडून त्याने चर्चचं घड्याळ शोधायला घेतलं. घामाघूम होईपर्यंत नुसती कौलं आणि आभाळ. अखेर सापडलं, तेही घड्याळ नव्हे, त्यातला फक्त चारचा आकडा.

"बुर्गी," आतून आवाज आला, "तुझ्या नवऱ्याला विचार, चार वाजले का?"

ऑक्टोबरात तो सगळा संसार पाठीवर घेऊन कासियान घरासमोरच्या डोंगरावर चढला. कळप दिसला. तिपाई रोवली, डोळा लावला आणि देवाची कृपा, पहिल्याच झटक्याला एक डोकं सापडलं. वळीच वळी! पिल्लूही नाही. हीच ती म्हातारी.

त्याने बंदूक उचलली आणि नळीवरच्या छोट्या काचेतून पाहिलं. तेवढ्यात कळप हलला होता. आता चार बकऱ्या, चारही एकसारख्या. पुन्हा साठपट. दगड. आणखी दगड. त्यावरचं शेवाळ मात्र असं स्वच्छ की मोजून घ्यावं! कासियानच्या डोळ्यांसमोर मिठाचे खडे नाचायला लागले. तेवढ्यात खिशात फोन थरथरला.

"बुर्गी, आत्ता नको गं!"

"बुर्गी तुझी लाकडं फोडतेय. डावीकडची मार."

कासियानने काचेवरचा डोळा काढला. "आई? तुम्ही?"

"पडक्या झाडापाशी उभी आहे ती. उन्हाळाभर बघतेय मी तिला, पाठीत वाकून चालते. आणि तू मघापासून उजवीकडे काय बघतोयस? तिथे दगड आहेत नुसते."

"इतक्या लांबून दिसतंय तुम्हाला?"

"छे! यांच्या दुर्बिणीतून काही म्हणजे काही दिसत नाही. बार काढ आता."

त्याने बार काढला. बकरी पडली. धावत जाऊन वळी मोजली तर ती खरोखरच म्हातारी होती. रिवाजाप्रमाणे टोपीत देवदाराची डहाळी खोचून तो घरी आला. सासूबाईंनी वळूनही पाहिलं नाही. "बुर्गी, तुझ्या नवऱ्याला म्हणावं, बूट बाहेर काढ."

एप्रिलमध्ये शिंगांखाली हिरवी टिकली लागली. एगिडने पाठ थोपटली, "बघ, नव्या दुर्बिणीचा गुण!"

कासियानने मान डोलवली, तेवढ्यात समोर ग्लास धरून बसलेल्या सासूबाई दिसल्या. तो उभा राहिला. "नव्या दुर्बिणीतून मला दगड दिसले," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बकरी दिसली ती सासऱ्यांच्या दुर्बिणीतून. आणि ती आईंनी पाहिली."

खानावळ हसून हसून लोळली. सासूबाईंनी ग्लास सावकाश रिकामा केला, ओठ पुसले आणि म्हणाल्या, "कासियान, मीठ सरकव."

मीठ सरकवताना त्याचे डोळे भरून आले. इतका आनंद त्याला हिरव्या टिकलीचाही झाला नव्हता.

तो आनंद पुरता आठवडाभरही टिकला नाही. सासूबाई बोलायला लागल्या त्या थांबेचनात. तो कुंपण दुरुस्त करायला गेला की फोन: "खुंटा वाकडा ठोकलायस." मित्राबरोबर बाकावर टेकला की फोन: "गाय पलीकडे गेली." आता कासियान कुठेही गेला तरी ती साठपट दुर्बीण बरोबर नेतो. तिपाई रोवतो, बाल्कनी शोधतो. हल्ली ती मात्र त्याला पहिल्या झटक्याला सापडते.

आजही सापडली. खुर्चीत सासूबाई, डोळ्यांना सासऱ्यांची दुर्बीण, तोंड थेट त्याच्याकडे. त्याने घाईघाईने मान खाली घातली.

खिशात फोन थरथरला.