टायरांच्या आतल्या कडेची मोहीम

लिहिणार कोणाचा मुलाहिजा राखणारा नव्हे. घडले ते घडले तैसे लिहितो, वाचणारांनी हसू आवरून ध्यान द्यावे.

अखंडित-फूटपट्टी-अलंकृत, मालिक-इ-चारचाकी, राजमान्य राजेश्री निवृत्त भूमितीमास्तर यांची लेक प्रसूत होऊन नात जन्मास आली, आणि तिसरे दिवशी सकाळी दहास बाळबाळंतीण इस्पितळातून घरी आणावी ऐसे ठरले, मग मास्तरांनी जाहीर केले जे ही स्वारी आमच्याच गाडीतून येईल. तोच व्याही आडवे आले. त्यांची गाडी कोरी करकरीत, आणि मागणी तीच. मास्तर हट्टास पेटले, कारण पहिल्या नातीस घरी आणण्याचा मान एकदाच मिळतो, आणि तो त्यांस जिवापाड हवा होता.

आदले दिवशी मास्तर व मास्तरीणबाई, ज्यांची उभी हयात शिवणकामात गेली, दुपटी घेऊन इस्पितळास निघाले. चौकात रोजचा पाण्याचा टँकर गळून रस्ता ओला होता, आणि मास्तरांनी ब्रेक दाबला, आणि गाडीने हुकूम मानला नाही, आणि पांढरी रेघ ओलांडून भर झेब्रावर ठाण मांडले. पादचारी रयत पांगली. मास्तरांनी खुलासा केला जे दोष रस्त्याचा. बाईंनी तेथेच फर्मान काढले, "टायर बदलल्याशिवाय बाळ या गाडीत बसणार नाही. नाहीतर व्याह्यांना फोन करते."

मग घरी परतून मास्तरांनी वही बाहेर काढली. दर रविवारी ते टायरांस काळे पॉलिश चोळीत, आणि मग फूटपट्टी लावून खाचेची खोली मोजीत, आणि वहीत मांडीत. मात्र वाकले की गुडघे कुरकुरत, सबब माप फक्त बाहेरच्या कडेचे. चार मिलिमीटर खाच शाबूत असता टायर टाकणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी, ऐसा त्यांनी निवाडा दिला. बाईंनी वहीकडे ढुंकूनही पाहिले नाही. गळ्यात शिवणाची फीत, फरशीवर सतरंजी, आणि बाई खुद्द गाडीखाली दाखल जाहल्या. खालून आवाज आला, "अहो, वरून इस्त्री आहे, आतून सगळं विरलंय. दोरे दिसतायत इथे. या, बघा."

मास्तर नाइलाजाने आडवे जाहले, आणि बोट फिरवते जाहले. आतली कड साफ गुळगुळीत, आणि रबरातून तारा डोकावत होत्या. चौकात मागे बाळ असते तर, हा विचार मनी आला आणि मास्तर खरोखर घाबरले. वाद तेथेच मिटला.

टायरवाल्याने गाडी उचलून खाचेतली बारीक पट्टी दाखवली आणि अर्ज केला, "काका, रबर झिजून या पट्टीला टेकलं की टायर गेला. तुमचं आतून कधीच गेलंय. चाकं तिरकी झालीत, कोन चुकलाय." चौतीस वर्षे पोरांस कोन शिकवलेल्या मास्तरांनी छताकडे पाहिले. बाईंनी गळ्यातली फीत काढून शांतपणे त्यांच्या हाती दिली, आणि तेच जास्त लागले.

चारही टायर नवे चढले, कोन सरळ जाहला, आणि दुसरे दिवशी दहास स्वारी निघाली. मागून व्याही आपल्या कोऱ्या गाडीत, वीसच्या वेगाने, हॉर्न न वाजवता, कारण पुढे त्यांचीही नात होती. टँकर आजही गळून गेला होता, चौक ओलाच. मास्तरांनी ब्रेक दाबला, आणि गाडी रेघेच्या वीतभर अलीकडे थांबली. नातीची झोपही मोडली नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. टायर कधी बदलावे हे आम्हीच वेळेवर ओळखले ऐसे दप्तरी लिहावे, हा मास्तरांचा हुकूम. तो शिरसावंद्य मानून लिहिले आहे. वहीत मात्र त्या दिवसापासून 'आतली कड' असा नवा रकाना आहे, आणि त्यातले अक्षर बाईंचे आहे.