सव्वीस औंसांची भिंत

माणसाला खरी भीती रानाची नसते, अपुऱ्या तयारीची असते. हे वाक्य लाइल टॉलेफसनने जेवणाच्या टेबलावर, काटा हवेत धरून, अत्यंत शांतपणे उच्चारलं. तेवढ्यात मागे फ्रिज घरघरला आणि काटा बटाट्यांत पडला.

"तयारी पूर्ण होईपर्यंत फ्रिज बंद ठेवू का?" मार्नीने, म्हणजे त्याच्या बायकोने विचारलं.

मोंटानातल्या त्या डोंगरात एल्कच्या, म्हणजे तिथल्या धिप्पाड सांबराच्या, शिकारीचा परवाना सोडतीत निघतो. लाइलचा चौदा वर्षांनी निघाला होता. वापरला नाही तर पुन्हा शून्यापासून सुरुवात. आजवर दर ऑक्टोबरात तो मेव्हण्याबरोबर, वेडबरोबर, दुसऱ्या रानात शिकारीला जायचा. वेडचा जाड कॅनव्हासचा तंबू, त्यात लोखंडी शेगडी आणि वेडचं घोरणं, एवढी तटबंदी असली की लाइलला झोप लागे. यंदा वेडच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. लाइलला एकट्याने जायचं होतं, आणि त्या डोंगरात ग्रिझली अस्वलं होती. ही दुसरी बाब त्याने कोणाजवळही काढली नव्हती. घरात सगळ्यांना ती ठाऊक होती.

जूनपासून तो एकट्यापुरता हलका निवारा निवडत होता. लाइल काउंटीत वजनमापे निरीक्षक होता. पेट्रोलपंप आणि किराणा दुकानांचे काटे तपासणं हे त्याचं काम. त्यामुळे उत्पादकांनी छापलेल्या वजनांवर त्याचा विश्वास नव्हता. स्वयंपाकघरात प्रमाणित काटा आला. वजन वाचवायला टूथब्रशची दांडी कापली गेली.

पहिला तंबू दुहेरी कापडाचा, अठ्ठेचाळीस औंस. जड म्हणून परत गेला. दुसरी नुसती पिशवी, माणसाने आत शिरून चेन लावायची. लाइल परसात तीत शिरला आणि चेन अडकली. सोडवायला मार्नी धावली.

"ही चांगली आहे," ती म्हणाली. "अस्वलाला आयताच गुंडाळलेला बरिटो."

तिसरा म्हणजे तळ नसलेली पिरॅमिडसारखी पाल. तिला खांबही नव्हता, चालायची काठीच मध्ये उभी करायची. सव्वीस औंस, म्हणजे पाऊण किलोही नाही. लाइल आत जाऊन बराच वेळ बसला.

"ह्याला भिंती आहेत," तो आतून म्हणाला.

"कापड आहे ते, लाइल."

"ते अस्वलाला कुठे माहीत?"

रंग दोन होते, नारिंगी आणि वाळक्या गवताचा. कुबड्या सांभाळत आलेला वेड म्हणाला, "नारिंगी घे. एल्कला नारिंगी कळत नाही. म्हणून तर आपण नारिंगी जाकिटं घालतो."

"एल्कचं ठीक आहे," लाइल म्हणाला, आणि पुढचं वाक्य गिळून त्याने वाळक्या गवताचा रंग मागवला.

ऑक्टोबरात तो वर गेला. पहिली रात्र त्याने भिंतीकडे बघत काढली. सकाळी निघताना उतार निसरडा होता, म्हणून त्याने काठी बरोबर घेतली. काठी घेतल्यावर पाल खाली बसली. बसू दे, संध्याकाळी उभी करू, असं म्हणून तो गेला. तीन बाजूंच्या खुंट्या पक्क्या होत्या. चौथी त्याने टूथब्रशच्याच तत्त्वावर घरी ठेवली होती.

दुपारी दोनला धुकं उतरलं आणि बर्फाची भुरभुर सुरू झाली. लाइल परत फिरला. खुणेचं वाकडं देवदाराचं झाड सापडलं, खुणेचा सपाट दगडही सापडला. पाल नव्हती. सगळीकडे वाळकं गवत होतं, आणि सगळं एकाच रंगाचं होतं.

"नेली," तो पुटपुटला. कोणी नेली ते म्हणायची त्याची हिंमत झाली नाही.

तो दगडाला पाठ लावून उभा राहिला. वारा सुटला. मग समोरून, दहाएक पावलांवरून, आवाज आला. आधी लांब फुस्कारा, मग धप्. पुन्हा फुस्कारा. धुक्यात एक तपकिरी पाठ हळूच वर आली, थरथरली आणि खाली बसली. चौदा वर्षं, लाइलच्या मनात आलं, ह्यासाठी चौदा वर्षं. पाठ पुन्हा उठली, ह्या वेळी त्याच्याच दिशेने.

त्याने कमरेचा, अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा उपसला आणि डबा संपेपर्यंत दाबून धरला.

वारा समोरून होता. निम्मी मिरची तिकडे गेली, निम्मी लाइलकडे परत आली. डोळे मिटले ते उघडेनात. खिशातल्या उपग्रहाच्या यंत्रात त्याने घरीच तीन निरोप भरून ठेवले होते. आंधळ्या बोटांनी त्याने जे लागेल ते दाबलं. मार्नीला तिन्ही मिळाले: "ठीक आहे." "उशीर होईल." "अस्वल."

तिने वेडला फोन केला. "मला ही क्रमवारी आवडली नाही," वेड म्हणाला. मार्नीने वनरक्षकाला कळवलं.

तासाभराने लाइलचा एक डोळा उघडला. धुकं विरलं होतं. समोर, तीन कोपऱ्यांनी जमिनीला बांधलेलं, चौथा कोपरा वाऱ्यात फुगवत, लाल मिरचीने माखलेलं अस्वल पडलं होतं. त्याच्या पोटावर उत्पादकाचं लेबल होतं.

आणखी दोन तासांनी वनरक्षक ट्रूडी व्हॅन्स घोड्यावरून आली. लाइलचे डोळे टोमॅटोसारखे झाले होते. त्याने पाल पाठीमागे लपवली होती.

"कुठे होतं अस्वल?" तिने नोंदीचा फॉर्म काढला. "चाल करून आलं असेल तर मी आत्ता ही वाट बंद करते. मोसम संपेपर्यंत कोणी वर येणार नाही. तुम्हालाही खाली यावं लागेल."

"परवान्याचं काय?"

"तो बुडाला. पण जीव वाचला ना सर. कोणी नावं ठेवणार नाही."

लाइलने हिशेब केला. आज रात्री घरचं छप्पर. वेड गावभर सांगेल, आमच्या लाइलने ग्रिझलीला परतवलं. फक्त हो म्हणायचं होतं. घोड्याने कान हलवले आणि लाइल दचकला. मग त्याला चौदा अर्ज आठवले, चौदाही स्वतःच्या अक्षरातले.

"लिहून घ्या," तो म्हणाला.

"अस्वलाचा रंग?"

"वाळक्या गवताचा."

"वजन अंदाजे?"

"अंदाजे नाही. सव्वीस औंस. प्रमाणित काट्यावर." त्याने पाठीमागून पाल काढली.

ट्रूडीने पालीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि फॉर्म घडी करून खिशात घातला. तिच्या ओठांचा कोपरा हलला, पण ती सरकारी नोकरीत होती.

"वाट चालू ठेवते मग," ती म्हणाली. "पण ह्यात झोपू नका. मिरचीचा वास शिळा झाला की अस्वलं हुंगत येतात."

"मिरचीला? येतात?"

"येतात."

पाल पिशवीत बंद करून तिने नेली आणि घोड्याच्या पाठीवरची ताडपत्री सोडून त्याला दिली. ताडपत्री नारिंगी होती, वजन नऊ पौंड. लाइल तिच्याखाली सहा रात्री झोपला. एल्क दिसलं नाही. अस्वलही नाही.