दरीतल्या गावात राजनने सांगितलेली आठवण

इंग्लंडचा व्हिसा नाकारला गेला आणि राजन देवस्थळी पार खचला. हिरव्या दरीतून दिवसभर चालायचं, वाटेतल्या प्रत्येक खेड्यातलं जुनं चर्च बघायचं, असा बेत त्याने दुबईतल्या सगळ्या ओळखीच्यांना वर्षभर ऐकवला होता. आता लिफ्टमध्ये भेटेल तो विचारायचा, "मग, निघणार कधी?"

शेवटी एका शनिवारी तो बायकोला म्हणाला, "दऱ्या काय फक्त इंग्रजांकडे आहेत? खोर फक्कान बंदराच्या मागे डोंगर आहेत, वाडी आहेत, जुन्या मशिदी आहेत. तिथे चालू."

"वाडी? नारळी-पोफळीची?" साधनाने विचारलं.

"कोरडी नदी गं."

"मग तसं सांग ना."

त्यांची मुलगी ईशानी म्हणाली, "बाबा, धिस इज सो सॅड." पण आली.

पहिल्या गावातली मशीद बंद होती. दुसऱ्या गावात माणूसच नव्हता, नुसत्या शेळ्या. बुटक्या दगडी मशिदीचा फोटो नीट यावा म्हणून राजनने पिशवी भिंतीशी ठेवली आणि मागे मागे सरकत गेला. फोटो सुरेख आला. तेवढ्यात शेळ्यांनी थालीपीठं संपवली आणि पाण्याच्या बाटल्या तुडवून फोडल्या. साधनाने रिकामी पिशवी उलटी करून झटकली, आणि राजनला तेच जास्त लागलं.

तिसऱ्या गावात पोचेपर्यंत त्याच्या घशाला कोरड पडली होती. एका घरापुढे गाड्यांची रांग, दारात चपलांचा ढीग, आत गालिच्यावर पुरुष बसलेले. यजमान अहमद उठून बाहेर आला, राजनचा हात धरून म्हणाला, "तफद्दल, अंदर आओ." साधना आणि ईशानीला एका बाईने मागच्या दाराने नेलं.

"बघ, याला म्हणतात पाहुणचार," राजन जाता जाता कुजबुजला.

पाणी मिळालं, कॉफी मिळाली, खजूर मिळाले. तिसरा खजूर तोंडात असताना त्याला सगळ्यांचे लाल डोळे दिसले. कोपऱ्यात कुणीतरी हलक्या आवाजात कुराण वाचत होतं.

"हमारा घर का सबसे बड़ा था," अहमद म्हणाला. "खलास, चला गया."

राजनला धरणी दुभंगावी असं वाटलं. उठावं तर अपमान, बसावं तर लबाडी.

"तुम पोर्ट से आया? मेरा ऑफिस का?"

खजूर गिळता गिळता राजनची मान हलली. ती होकारार्थी हलली, हे त्याला उशिरा कळलं.

शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "उसको पहचानता था?"

सगळे वळून बघू लागले. इथे 'नाही' म्हणायला काळीज लागतं, आणि राजनचं तर व्हिसाबरोबरच गेलं होतं. "बहुत," तो म्हणाला. "हम पोर्ट के गेट पर साथ चाय पीते थे. मैं परेशान होता, तो अपनी दाढ़ी पर हाथ फेरकर कहते, राजन, सब्र करो."

बोलता बोलता त्याला इंग्लंड आठवलं, वाया गेलेलं वर्ष आठवलं, आणि डोळे खरोखरच भरून आले. अहमदने डोक्यावरच्या रुमालाने तोंड झाकलं. त्याचे खांदे गदगदत होते. मग म्हाताऱ्याचे. मग सगळ्या ओळीचे. राजन त्यांच्याबरोबर मनसोक्त रडला.

जेवल्याशिवाय सोडलं नाहीच. नंतर अहमदने त्यांना आपल्या जीपमधून पहिल्या गावात ठेवलेल्या त्यांच्या गाडीपर्यंत पोचवलं आणि राजनला मिठी मारली.

"फार मोठा माणूस गेला यांचा," गाडी सुरू करत राजन म्हणाला.

"अहमदची आजी गेली," साधना म्हणाली.

राजनने गाडी बंद केली. गल्फच्या हिंदीत आजोबाही 'था' आणि आजीही 'था', हे त्याला इतकी वर्षं ठाऊक होतं.

"तुझी गोष्ट आतल्या खोलीत आली," साधना पुढे म्हणाली. "आधी कुणाला कळेना काय करावं. मग तिची लेक हसायला लागली, इतकी की तिला पाणी द्यावं लागलं. आई गेल्यापासून पहिल्यांदाच हसली म्हणे."

राजनने कपाळ स्टिअरिंगला टेकलं. "आता पुन्हा या बाजूला तोंड दाखवायला नको."

मागून ईशानी म्हणाली, "बट बाबा, दे इन्व्हायटेड अस नेक्स्ट सॅटर्डे. दॅट ओल्ड अंकल वॉन्ट्स टू हिअर मोअर अबाउट ग्रॅनीज दाढी."