परभणीत उतरलेलं विद्यापीठ

बाहेरच्या राज्यांतली विद्यापीठं प्रवेश देण्याआधी मुलांच्या घरी आठवडाभर राहायला येतात, म्हणून मे महिन्यात परभणीच्या टाकसाळ्यांनी हॉलमधला दिवाण गच्चीवर नेऊन ठेवला.

दिगंबर टाकसाळ्यांचं कूलरचं दुकान होतं. त्यांची एकुलती एक मुलगी उत्तरा बारावी झाली होती आणि तिला हिमनद्यांचा अभ्यास करायचा होता. हा विषय शिकवणारी दोन विद्यापीठं सापडली. दोघांनीही येतो म्हणून कळवलं. उत्तराच्या आईने, सुनंदाबाईंनी, एवढंच विचारलं, "जेवायला काय लागतं त्यांना?"

ते कुणालाच माहीत नव्हतं.

पहिलं विद्यापीठ दक्षिणेतलं होतं. फार मोठं आणि नावाजलेलं. त्याची मुख्य इमारत कशीबशी हॉलमध्ये बसली, वसतिगृह गच्चीवर गेलं आणि हिरवळ शेजारच्या रझाकभाईंच्या अंगणात पसरावी लागली. तिथे रझाकभाईंच्या शेळ्या चरल्या, त्यावर विद्यापीठाने लेखी हरकत घेतली. न्हाणीघराकडे जायचं तर कुलसचिवांच्या कार्यालयातून जावं लागे आणि ते दुपारी जेवणासाठी बंद असे. घरातल्यांनी आंघोळीच्या वेळा बदलल्या. तक्रार कुणी केली नाही.

"हिमनद्या आम्ही उपग्रहाच्या चित्रांवरून शिकवतो," विद्यापीठ म्हणालं. "प्रत्यक्ष जायची गरज पडत नाही."

"आणि हिची शक्यता?" दिगंबररावांनी विचारलं.

"उमेदवाराची शक्यता बरी आहे. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवा."

ते गेल्यावर दिगंबरराव खुशीत होते. उत्तराला तेवढा आनंद झाला नव्हता. आईने हॉल धुऊन घेतला.

दुसरं विद्यापीठ शुक्रवारी आलं. हिमाचलातलं, लहानसं, बरंचसं लाकडी. दिवाणाच्या जागेत ते आरामात मावलं, वर कॅरम खेळण्याइतकी जागा उरली. सोबत देवदाराची चार झाडं होती, ती त्याने संकोचून मोरीपाशी उभी केली. पण बाहेर असं ऊन होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी विद्यापीठाला चक्कर आली. प्रयोगशाळेच्या खिडक्या मिटायला लागल्या आणि ग्रंथालय काहीबाही बोलू लागलं.

"ऊन लागलंय त्याला," सुनंदाबाई म्हणाल्या. "अहो, दुकानातला मोठा कूलर आणा. उत्तरा, कैऱ्या उकडायला ठेव."

त्यांनी खिडक्यांना वाळ्याचे पडदे बांधले, त्यांवर पाणी मारलं, कांदा किसून इमारतीच्या पायऱ्यांना चोळला. पन्ह्याचा पेला त्या दर तासाला त्याच्यापुढे धरत होत्या. संध्याकाळी विद्यापीठाने डोळे उघडले.

"माताजी, इतक्या उन्हात माणसं राहतात?"

"राहतात. सवय होते."

"आमच्याकडे जानेवारीत लोक हेच म्हणतात."

सुनंदाबाईंनी पेला पुन्हा भरून त्याच्यापुढे धरला. मग म्हणाल्या, "तिला सर्दी लवकर होते. अंगावरचं पांघरूण लाथेने काढते. तिकडे तिला कोण बघणार?"

विद्यापीठाने पन्ह्याचा घोट घेतला. "खोटं कशाला सांगू? मला विभाग चालवायचे असतात. मुलंच एकमेकांना बघतात. कुणी आजारी पडलं तर खोलीतली दुसरी मुलगी रात्रभर शेगडी पेटती ठेवते. असं मी पाहिलंय."

"मग ठीक आहे," सुनंदाबाई म्हणाल्या, पण ते त्यांना ठीक वाटत नव्हतं, हे उत्तराला स्वयंपाकघरातून कळलं.

रविवारी विद्यापीठ उठून बसलं आणि त्याने उत्तराला समोर बोलावलं.

"तू बर्फ पाहिलायस?"

"फ्रीजमधला."

"मग हिमनदीच का?"

उत्तराने तयार केलेलं उत्तर इंग्रजीत होतं. ते तिला आठवेना. "आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं," ती म्हणाली. "त्या दिवशी आई कुठेच जात नाही. लग्नाला नाही, माहेरी नाही. एवढं सगळं पाणी एका जागी थांबून राहतं म्हणतात, ते मला जवळ जाऊन बघायचंय. ते किती दिवस थांबेल, तेही."

विद्यापीठाने ते लिहून घेतलं.

"शक्यता काय?" दिगंबररावांनी विचारलं.

"कमी आहे. बाहेरच्या राज्यांसाठी दोनच जागा आहेत."

"आणि त्या मोठ्याला उद्या कळवायचंय."

"मग त्यांना हो म्हणणं शहाणपणाचं," विद्यापीठ म्हणालं. ते मनापासून बोलत होतं.

दिगंबररावांनी मुलीकडे पाहिलं. "हातातलं सोडून इथेही नाही मिळालं तर वर्ष जाईल, बाळा."

"जाईल," उत्तरा म्हणाली. "पण बाबा, मला चित्रं नाही बघायची."

दिगंबरराव बायकोकडे वळले. ती तरी अडवेल अशी त्यांची अपेक्षा होती. सुनंदाबाई पडद्यावर पाणी मारत होत्या. "त्या मोठ्याने आठवडाभर तिचं नाव विचारलं नाही," पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या. "नाही म्हणून कळवा त्याला."

सोमवारी तसं कळवलं. "यामुळे शक्यता वाढत नाही," लाकडी विद्यापीठाने स्पष्ट केलं. सगळ्यांनी मान डोलावली. आठवडा संपल्यावर ते झाडं घेऊन गेलं.

जून सगळा वाट पाहण्यात गेला. दिगंबरराव दुकानातून तीनतीनदा घरी येत. उत्तराने शहरातल्या कॉलेजचाही अर्ज भरून ठेवला. सुनंदाबाई शेजारच्या बाईंकडे लोकर विणायला शिकल्या, पण कशासाठी ते बोलल्या नाहीत.

जुलैच्या सुरुवातीला एका सकाळी हॉलमध्ये वसतिगृहाची एक खोली उभी होती. दार उघडं, आत दोन खाटा, एकीवर कुठलीशी पंजाबी मुलगी झोपलेली. दुसऱ्या खाटेच्या वर देवनागरीत लिहिलं होतं: उत्तरा टाकसाळे.

दिगंबरराव दारातच उभे राहून हसायला लागले. सुनंदाबाई चपला काढून आत गेल्या. खिडकीची कडी लावून पाहिली, गादी दाबली, रजई नाकाशी धरली. झोपलेल्या मुलीच्या पायावरून घसरलेलं पांघरूण नीट केलं. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "खोली बरी आहे."

संध्याकाळी रझाकभाईंच्या टेम्पोतून खोली स्टेशनवर नेली. हमालांनी ती आडवी न करता डब्यात चढवली. गाडी सुटेपर्यंत सुनंदाबाई खोलीच्या खिडकीशी उभ्या होत्या. आतून दोन्ही मुली हात हलवत होत्या.

परभणी मागे पडल्यावर टीसी आला. त्याने खोलीचं तिकीट पाहिलं, दारावर टकटक करून दोघी मुलींची पाहिली, दार हळूच ओढून घेतलं आणि पुढच्या डब्यात गेला.