घामाचं धिरडं

"अजून एक वाटी भात वाढ," दोक-सूने रिकामी वाटी पुढे सरकवली.

"संपला," त्याची बायको ओक-बुन म्हणाली. भाताचा कुकर तिच्या कोपराशीच होता आणि त्यातून वाफ निघत होती.

"अगं, दिसतोय की मला!"

"मलाही दिसतोय. तुमच्यापुरता संपला."

प्यो दोक-सू कोरियातल्या बुसान शहरात बस चालवून निवृत्त झाला होता, आणि नोकरीतली बरीचशी वर्षं तो ड्रायव्हरांच्या संघटनेचा पुढारी होता. जादा पाळीचे पैसे, जेवणाची सुट्टी, हिवाळ्यातली जाकिटं, एकेका गोष्टीसाठी त्याने भल्याभल्या मॅनेजरांना घाम फोडला होता. आता मात्र घाम त्याचाच निघत होता. वसंतात डॉक्टरांनी सांगितलं होतं, रक्तात साखर वाढली आहे, यकृतावर चरबी आहे, पानगळीच्या आत वजन उतरलं नाही तर रोज सुई टोचून घ्यावी लागेल. तेव्हापासून तो रोज सकाळी घरामागचा डोंगर चढायचा. मुलीने मनगटावर बांधायला घड्याळ पाठवलं होतं. किती कॅलरी जळल्या ते त्यावर दिसायचं. सगळा तंटा या घड्याळाने लावला.

"हे बघ," त्याने मनगट तिच्या नाकासमोर धरलं. "एवढं जाळून आलोय मी आज. माझं आहे ते. मला परत मिळालं पाहिजे."

"जाळलंत ना? मग परत कशाला हवं? कचरा जाळला की राख पिशवीत भरून घरी आणता का?"

"जादा काम केलं तर जादा मोबदला! जगभरचा न्याय आहे हा."

"जगभरच्या लोकांना घेऊन जा मग जेवायला," असं म्हणून तिने कुकरचं झाकण फट्‌कन लावलं.

दोक-सूचा संताप अनावर झाला. आयुष्यभर परक्यांशी लढलो आणि आता स्वतःच्याच घरात पिळवणूक? दुसऱ्या दिवशी डोंगराच्या मध्यावर झऱ्यापाशी, जिथे वस्तीतली माणसं लोखंडी यंत्रांवर हातपाय हलवतात आणि कमरेभोवती हुला-हूपची कडी फिरवतात, तिथे तो एका दगडावर उभा राहिला.

"मित्रांनो! डोंगर कोण चढतं?"

"आपण," लाँड्रीवाला मो चांग-गी कडं फिरवता फिरवता म्हणाला.

"घाम कोणाचा?"

"आपला."

"आणि घरी गेल्यावर ताटात काय?"

चांग-गीचं कडं घसरून पायाशी पडलं. "काकडी, दादा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "काल रात्रीही काकडीच." त्याची बायको माल-जा ही ओक-बुनची जिवलग मैत्रीण होती. दोघींनी एकाच दिवशी भाताची मापं बदलली होती.

ठराव तिथल्या तिथे झाला. जळलेलं ताटात परत मिळत नाही तोवर कोणी डोंगर चढायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून वस्तीतले सात-आठ पोटवाले पुरुष पायथ्याच्या बाकावर हाताची घडी घालून बसू लागले. समोरच धिरड्यांचं दुकान होतं. पातीचा कांदा आणि माकली घातलेली पाजॉन तव्यावर चुरचुरत असायची, आणि तो वास नाकात गेला की संपकऱ्यांचा निर्धार आणखी पक्का व्हायचा.

पण ओक-बुन काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. संपाच्या पहिल्याच संध्याकाळी दोक-सूच्या वाटीत नेहमीच्या निम्मा भात आला.

"हे काय?"

"आज चढला नाहीत ना? मग भूक कशाने लागणार? बसून राहिलेल्या माणसाचा भात हा एवढाच."

"ही तर टाळेबंदी झाली!"

"साखरेपायी तुमच्या थोरल्या भावाचा पाय कापला तेव्हा हॉस्पिटलात मीच बसले होते," ती एकाएकी हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही बाहेर व्हरांड्यात उभे होतात. आत यायची हिंमत नव्हती तुमची."

दोक-सूने निम्मा भात संपवला. मग तो तिच्याकडे पाठ करून झोपला.

आठवडाभरात संपात फूट पडायची चिन्हं दिसू लागली. चांग-गी अंगण झाडायच्या निमित्ताने डोंगराकडे बघत उभा राहिलेला सापडला. मग एके सकाळी ओक-बुन आणि माल-जा स्वतःच बाकापाशी आल्या.

"मान्य आहे," ओक-बुन म्हणाली.

"काय मान्य?" दोक-सूने संशयाने विचारलं. मॅनेजर इतक्या सहज वाकला की पुढाऱ्याने खिसा चाचपायचा असतो, हे त्याला ठाऊक होतं. पण आठवडाभर निम्म्या भातावर काढलेल्या माणसाला जुने धडे आठवत नाहीत.

"तुम्ही जितक्या कॅलरी जाळाल, तितक्या त्याच दिवशी ताटात परत. एकही बुडवणार नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही. मी शब्द देते. पण दिलेलं सगळं खायचं, शिल्लक टाकायचं नाही. तुम्ही शब्द द्या."

"दिला!" दोक-सू गरजला. बाकावरच्यांनी जयजयकार केला. चांग-गीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी सगळे पळत पळत डोंगर चढले. दोक-सू तर हौसेने दोनदा चढला.

संध्याकाळी तो हात धुऊन ताठ बसला. ओक-बुनने त्याचं रोजचं मोजकं जेवण वाढलं. मग किमची मुरवायचं मोठं घमेलं दोन्ही हातांनी उचलून आणलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. घमेल्यात चिरलेल्या कोबीचा ढीग होता आणि त्यावर काकड्या रचल्या होत्या.

"हे काय?"

"तुमचा मोबदला. मोजून आहे. दोनदा चढलात ना, म्हणून एवढा झाला."

"कोबी? मोबदला म्हणजे धिरडं! मांस! माक्कॉली दारूचा एक वाडगा!"

"असं ठरलं होतं का? मी कॅलरी म्हटलं होतं. तुम्ही दिला म्हणालात. सगळ्यांनी ऐकलं."

दोक-सूने टेबलावर मूठ आपटली. "फसवणूक! कामगारांच्या तोंडाला पानं पुसलीत!" तो हात उडवून बोलत राहिला, आणि मनगटावरचं घड्याळ दर झटक्याला इमानेइतबारे आकडा वाढवत राहिलं. ओक-बुनने वाकून आकडा पाहिला, उठली आणि आणखी अर्धी काकडी घमेल्यात घातली.

शब्द तो शब्द. तो चघळत बसला. जबडा दुखला, पोट ढोलासारखं झालं. शेजारच्या इमारतीतून चांग-गीचा आवाज आला, "दादा, तुमच्याकडेही कोबीच का?" दोक-सूने खिडकी लावून घेतली.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. चढावं तर घमेलं वाढतं, न चढावं तर भात निम्मा. राग आला तरी आता तो घड्याळाचा हात मांडीखाली दाबून, नुसत्या डोळ्यांनीच रागवायचा. घड्याळ काढून ठेवायचा बेत केला, तर ओक-बुन म्हणाली, "छे छे! तुमच्या कष्टाची नोंद नको व्हायला? अन्याय होईल." बाकावरचे सहकारी त्याला बघून रस्ता बदलू लागले. माल-जाने तर चांग-गीला मुळ्याचा मोबदला सुरू केला होता, आणि लाँड्रीत उभं राहवत नव्हतं अशी गिऱ्हाइकांची तक्रार होती.

अखेर एका रविवारी, दोघं नवराबायको डोंगर उतरून पायथ्याशी आली तेव्हा दोक-सू थांबला. छाती पुढे काढून म्हणाला, "ऐक. आजपासून मला काही परत नको."

"काय नको?"

"जळलं ते जळलं. मी डोंगर चढतो तो माझ्या मर्जीने, हवा खायला. मोबदल्याची भीक मला नको. ठेव तुझा कोबी तुझ्यापाशी!"

"हेच तर मी पहिल्या दिवशी..."

"तू काही म्हणालीस त्याच्याशी संबंध नाही. हा माझा निर्णय आहे!"

"बरं," ओक-बुन म्हणाली, आणि धिरड्यांच्या दुकानात शिरली. "मावशी, एक पाजॉन. माकली जरा जास्त. आणि एक वाडगा माक्कॉली."

दोक-सू दारातच थिजला. "कोणासाठी?"

"माझ्यासाठी. मीही चढलेय की. दर रविवारी चढते. भूक नाही का लागत?"

"म्हणजे तू... दर रविवारी, भाजी आणायला म्हणून मागे थांबायचीस ती इथे..."

"डॉक्टरांनी यकृत तुमचं दाखवलं होतं. माझं नव्हतं दाखवलं."

दोक-सूच्या कानशिलं लाल झाली. तो तिच्यासमोरच्या स्टुलावर धपकन बसला. द्रोह, कट, दुटप्पीपणा, भाषणात वापरायचे सगळे शब्द घशाशी एकदम आले आणि एकमेकांत अडकले. धिरडं आलं, कडा सोनेरी, मधे अजून चुरचुरतंय. ओक-बुनने चॉपस्टिक्सने सगळ्यात कुरकुरीत कड तोडली, सोया सॉसमध्ये बुडवली, आणि आसपास कोणी बघतंय का ते पाहून हात पुढे केला.

"आ करा."

"मी असली तडजोड करत नसतो!" तो म्हणाला.

"सांडेल हो. लवकर."

दोक-सूने तिच्याकडे जळजळीत नजरेने पाहिलं, आणि ती नजर जराही न हलवता तोंड उघडलं.