मूठभर ओट्स आणि नाहीशी झालेली मावशी

'पूर्वेला अटलांटिक, पश्चिमेला अ‍ॅपलाचियन डोंगर, आणि मधे जेवढी म्हणून गुन्हेगारी आहे, ती सगळी माझ्या नजरेच्या टप्प्यात आहे. माझ्या डोळ्यांपुढे दुर्बीण लाजते, माझ्या नाकापुढे पोलिसांचं कुत्रं मान खाली घालतं, आणि माझा मेंदू...' इथे हे पाणी प्यायला थांबले, त्यामुळे मेंदूचं वाक्य राहिलं ते राहिलंच.

गोष्टीची सुरुवात अशीच झाली पाहिजे, असं यांनी बजावलंय. यांचं नाव मी घेत नाही. बाकीचे लोक प्रल्हाद म्हणतात. अ‍ॅशबर्नच्या एका डेटा सेंटरमध्ये सर्व्हर थंड ठेवायचं यांचं काम. उरलेल्या वेळात हे गुप्तहेर असतात. मंडळाच्या गणपतीत मोदकाचा साचा हरवला, तेव्हा यांनी चौघांची उलटतपासणी घेतली, त्यातल्या एका काकूंना रडवलं, आणि साचा डिशवॉशरमध्ये निघाला. डिशवॉशर यांनीच लावला होता. यांच्या खिशात कायम एक भिंग असतं. ते एडिसनला ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात मी पोथी वाचायला घेतलं होतं. हल्ली मी पोथी लांब धरून वाचते.

माझे नेम साधेच. रोज तुळशीला पाणी, संध्याकाळी दिवा, पोथीचं निदान एक पान. आणि श्रावणभर खोटं बोलायचं नाही. हा शेवटचा नेम संसारी बाईला जड जातो. एरवी यांनी 'कशी वाटली माझी थिअरी?' विचारलं की 'छान' म्हणून मी पोळ्या लाटायला मोकळी. श्रावणात मात्र 'तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय' असं काहीतरी खरं शोधून बोलावं लागतं.

यंदा लेबर डेची सुट्टी आणि श्रावणातला पाचवा, शेवटचा सोमवार, तोही अमावास्येचा, एकाच दिवशी आले. राधिकानं हाइक ठरवली. राधिका म्हणजे आमच्या हायकिंग ग्रुपची लीडर, पुण्याची, आवाज शिट्टीसारखा. वेस्ट व्हर्जिनियातल्या डॉली सॉड्सच्या पठारावर दिवसभराचा गोल ट्रेल होता. जिथून निघायचं, तिथेच फिरून परत यायचं. साताऱ्याहून माझ्याकडे आलेली शैलजामावशी म्हणाली, "मी पण येणार."

"मावशी, एक शॉर्ट रूट पण आहे," राधिकानं फोनवर सुचवलं.

"तो तुझ्या नवऱ्याला दे. मी रोज अजिंक्यतारा चढून येते आणि मग चहा पिते."

पहाटे निघताना मावशीनं विचारलं, "संध्ये, सातू आहे का गं? आजची शिवामूठ सातूची."

"सातू नाही. मी आज देवाला ओट्सच वाहिले."

"चालेल. शंकर भोळा आहे." तिनं मूठभर ओट्स रुमालात बांधून घेतले. "वाटेत कुठे देव भेटला तर वाहीन."

माझा सोमवारचा उपास मी मावशीला वाढून मगच सोडणार होते, तोही दिवस मावळायच्या आत. पुऱ्या आणि बटाट्याची भाजी गाडीत होती.

पठार बघून मी हातच जोडले. मोठं झाड नावाला नाही. गुडघाभर झुडपं, तांबूस पडायला लागलेली ब्लूबेरी, काळी दलदल, आणि लांबवर एकामागून एक उघडे डोंगर. मधेच धुकं असं उतरायचं की आपला हातसुद्धा उसना वाटावा. वाट चुकू नये म्हणून जागोजाग दगडांच्या राशी रचलेल्या.

"ही गुप्त संघटनेची सांकेतिक भाषा आहे," हे कुजबुजले.

"वाटेची खूण आहे ती, दादा," राधिका म्हणाली.

"तू असं समजावंस, हीच तर त्यांची इच्छा आहे."

अर्धी फेरी सपाट होती. मग वाटेत एक ओहोळ आडवा आला. त्यावर रुंद लाकडी फळी टाकलेली. राधिका ओरडली, "चला! आत्तापर्यंत वॉर्म-अप होता, खरा चढ आता!" फळी ओलांडून आम्ही चढायला लागलो. तास-दीड तासानं बाकीचे कड्यावर जेवायला टेकले, आणि माझ्या लक्षात आलं की मावशी नाही.

"मला वाटलं, ती तुझ्याबरोबर पुढे आहे," मी म्हटलं.

"मला वाटलं, तुमच्याबरोबर मागे आहेत," राधिका म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच शिट्टीसारखा वाटला नाही.

फोनला रेंज नव्हती. परक्या मुलुखातलं रान, सत्तरीला टेकलेली बाई, बरोबर पाण्याची एक बाटली. आईला मी काय सांगणार होते?

राधिका म्हणाली, "मी बाकीच्यांना घेऊन पुढून पार्किंगला जाते. तुम्ही दोघं आल्या वाटेनं मागे बघत या. तोवर सापडल्या नाहीत तर रेंजर्सना कळवू."

यांनी भिंग काढलं. "चला. खेळ सुरू झाला."

"अहो, खेळ काय म्हणता?"

उतरताना यांनी एका झुडपाखाली काळानिळा शेणाचा पो पाहिला. "अस्वल! ब्लूबेरी खाऊन माजलेलं. मावशींना त्यानं उचललं."

"कुठे?"

"गुहेत. हे लोक गुहेतच नेतात."

पुढच्या दगडांच्या राशीपाशी अस्वल रद्द झालं. गुप्त संघटनेनं मावशींना पळवलं होतं. त्याच्या पुढच्या राशीपाशी मावशी स्वतःच संघटनेच्या प्रमुख निघाल्या.

"विचार कर. विमानतळावर सात किलो भाजणी घेऊन उतरल्या आणि कस्टम्सनं एक प्रश्न विचारला नाही! कुणाची ओळख होती? सांग, पटतंय ना?"

श्रावण. मी इकडेतिकडे पाहिलं. "तुमच्या बुटाची नाडी सुटलीय," मी म्हटलं.

मनात जप चालू होता. पण धुकं दाट होत होतं. नाडी बांधून होते ना होते तोच आम्ही पुन्हा त्या ओहोळापाशी आलो, आणि हे ओरडले, "थांब! हलू नकोस! गुन्ह्याची जागा!"

फळीपलीकडे, वाटेच्या जरा वरच्या अंगाला, एक गोल गुळगुळीत काळा दगड होता. त्याच्या बुडातून झरा फुटून खाली फळीखालून वाहत होता. सकाळी धुक्यात मला तो दिसलाच नव्हता. हे फळीवरून पलीकडे जाऊन गुडघ्यांवर बसले.

"दगड ओला आहे. झटापटीत पाण्याची बाटली सांडली. चिखलात पावलं बघ. दगडाभोवती अर्धी फेरी, मग तिथूनच उलट. कोणीतरी मावशींना पुढे ढकललं, मावशींनी त्याला मागे ढकललं. आणि हे काय?" यांनी चिमटीत काहीतरी धरलं, भिंगाखाली नेलं. उठले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. "ओट्स."

"अहो..."

"ओट्स कोण खातं? घोडा! संध्या, मावशींना घोडेस्वार घेऊन गेला."

"अहो, मी काय म्हणते..."

"काळा घोडा. धुक्यात दिसू नये म्हणून."

"पांढरा नको का मग?" मी म्हटलं, आणि मला एकदम हसू आणि रडू दोन्ही आलं. दगडाच्या माथ्यावर ब्लूबेरीची तीन पानं नीट बेलासारखी मांडलेली होती. "ही शिवामूठ आहे हो. मावशीला देव भेटला. तिनं पाणी घातलं, पान वाहिलं, मूठ वाहिली. शंकराची प्रदक्षिणा अर्धीच घालतात. पिंडीचं पाणी जिथून वाहतं ते सोमसूत्र, ते ओलांडायचं नसतं. तिथपर्यंत जायचं आणि उलट फिरायचं. आपली वाट ते पाणी ओलांडून पुढे जाते. म्हणून ती मागे फिरली. गाडीपाशी गेली असणार."

हे भिंग पुसून म्हणाले, "घोड्याची शक्यता मी आधीच फेटाळली होती. तुला बोलतं करायचं होतं."

फळीवरून मी पलीकडे गेले, दगडाला नमस्कार केला. आता पाय हलके पडत होते, पण डोक्यात एक काटा रुतला होता. लाकूड, पान, गवत, दगड, असं काही मधे असलं तर सोमसूत्र ओलांडलेलं चालतं. हे मला लहानपणी मावशीनंच शिकवलं होतं. आणि इथे तर चांगली रुंद फळी होती.

पार्किंगमध्ये पोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. राधिकाची मंडळी नुकतीच येऊन धापा टाकत होती. आणि एका म्हाताऱ्या अमेरिकन जोडप्याच्या घडीच्या खुर्चीत, त्यांच्या आइसबॉक्सवर पाय ठेवून, मावशी केळं खात बसली होती. आम्हाला बघताच तिनं ओढणी गुडघ्यावर ओढून घेतली.

"या जावईबापू! किती वेळ लावलात!"

मी तिच्या गळ्यात पडले.

"अगं, मी काय हरवले होते? दगडांच्या राशी आहेत की वाटभर. पाणी ओलांडू नये म्हणून परतले. हाक मारली, पण तुमची राधिका पुढे ओरडत होती, तिच्यापुढे माझा आवाज तो काय!"

राधिकानं आधी कान पकडले, मग मावशीच्या पाया पडली. "मावशी, मानलं तुम्हाला. एवढा नेम पाळायचा म्हणजे!"

"नाहीतर मी आख्खं चढले असते," मावशी म्हणाली. "अजिंक्यतारा..."

"रोज चढता. माहितेय," सगळे म्हणाले.

हे त्या अमेरिकन आजोबांच्या ट्रकखाली वाकून घोड्याचा नाल शोधत होते. मी मावशीला वाढायला बसले. तिच्या ओढणीतून थेंब थेंब पाणी गळत होतं. मी ओढणीचं टोक जरासं उचललं. गुडघ्यावर बर्फाची पिशवी होती.

"मावशी," मी हळूच म्हटलं, "फळी लाकडाची होती."

"होती."

"लाकडावरून चालतं. तूच शिकवलंस."

मावशीनं चौफेर पाहिलं. "ती कार्टी ओरडली ना, खरा चढ आता, तेव्हा माझे दोन्ही गुडघे म्हणाले, शैलजे, आता नाही. या पोरांसमोर काय सांगणार होते मी? आणि वर बघते तर साक्षात पिंडी! देवानंच मानानं परत फिरायला जागा दिली, संध्ये. पूजा मात्र मनापासून केली हो."

"तुला काही झालं असतं तर?"

"चुकलंच," मावशी म्हणाली, आणि माझ्या हातात तिच्या पानातली पहिली पुरी ठेवली. "सोड आता सोमवार. सूर्य थांबायचा नाही." मग कानाशी वाकली. "साताऱ्यात बोलू नकोस."

ती पुरी मी डोळे मिटून खाल्ली. त्या पुरीसारखी पुरी मी आजवर खाल्ली नाही.

परतीच्या वाटेवर मावशी मागच्या सीटवर घोरत होती. हे गाडी चालवता चालवता केसचा समारोप करत होते. "एका निष्ठावान स्त्रीनं धर्मासाठी अख्खा ट्रेल अर्ध्यावर सोडला. केवळ सोमसूत्रामुळे. दुसरं काहीच कारण नव्हतं. बरोबर ना, संध्या?"

मी यांच्या शर्टाकडे पाहिलं. बटणं सगळी जागच्या जागी होती. बुटांकडे पाहिलं. नाड्या बांधलेल्या होत्या.

"अगं, बरोबर ना?"

"उद्या विचारा," मी म्हटलं. "श्रावण संपला की लगेच हो म्हणते."